उरियूत

१९९३ सालच्या पावसाळ्यापासून पुढे तीस वर्षे आमच्या घरात कुंदा आला नाही. बेळगावात राहून असे सांगितले की ऐकणारा चमकून बघतो. पाहुण्याच्या हातात कुंद्याचा बॉक्स ठेवल्याशिवाय इथे कुणाची पाठवणी होत नाही. परगावच्या माणसाला तर बेळगाव म्हटले की आधी कुंदा आठवतो आणि मग सीमाप्रश्न. घरात साखरेचा पेशंट आहे म्हणून आणत नसतील, असे लोक समजत. ते अर्धेच खरे होते. उरलेले अर्धे आज लिहायला बसलो आहे, कारण ज्या व्यक्तीला ते सांगायला हवे होते ती आता नाही.

माझी आई खानापूरकडची. लग्न होऊन शहापुरात आली तेव्हा तिला कानडीचा गंध नव्हता. भाजीवाल्या, दूधवाला आणि शेजारच्या अक्का यांच्याशी बोलून बोलून तिने आपल्यापुरती कानडी जमवली. 'एष्टु', 'भाळ आतु', 'ऊट आयतेन री' एवढ्या भांडवलावर तिने चाळीस वर्षे व्यवहार केला. पैशात कधी फसली नाही. एका शब्दात मात्र फसली.

वडिलांची पेन्शन आली की त्या दिवशी ती पाव किलो कुंदा आणायची. पहिला घास नातीचा. माझी लेक तेव्हा नऊ वर्षांची होती. आजीने पदराखालून बॉक्स काढायचा आणि तिने 'आज्जी, माझ्या वाटणीचा जास्त' म्हणून हट्ट धरायचा, हा दोघींचा ठरलेला खेळ. सौ. कधी रागावली तर आई म्हणायची, "खाऊ दे की ग, वाढतं वय हाय तिचं."

त्या जुलैत पोर पाणी पिऊ लागली. पिऊ लागली म्हणजे रात्री उठून तांब्याच्या तांब्या रिकामा करू लागली. नऊ वर्षांची मुलगी पुन्हा अंथरूण ओले करू लागली. फ्रॉक खांद्यावरून ओघळू लागला. जवळच्या एका डॉक्टरांनी जंताचे औषध दिले, मग टॉनिक दिले. त्यांना दोष देत नाही. घरातल्या आम्हा तिघांनाही काही सुचले नव्हते. एका सकाळी ती उठेना. श्वास खोल आणि भरभर चालला होता. तोंडाला फार पिकलेल्या फळासारखा गोडसर वास येत होता. रिक्षात तिला मांडीवर घेऊन बसलो होतो तेव्हाचा तो वास मला अजून येतो. बाजारात उतरलेल्या फळांच्या टोपलीजवळून जाताना मी आजही पाऊल उचलतो.

इस्पितळात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी ती डोळे उघडून 'बाबा' म्हणाली. संध्याकाळी डॉक्टर राउंडला आले. ते धारवाडकडचे. मराठी समजायचे, पण घाईत कानडीवर यायचे. माझी सारी नोकरी पोस्टात, कानडी गावांच्या पत्त्यांत गेली, त्यामुळे मला अडचण नव्हती. ते म्हणाले, "भाळ दिनदिंद ओळगे उरियूत आगेद री." पुष्कळ दिवसांपासून आत उरियूत झाली आहे. उरि म्हणजे जळजळ, आग. ऊत म्हणजे सूज. आपण दाह म्हणतो तो.

आई कॉटच्या पायथ्याशी उभी होती. तिला 'भाळ' कळले. आणि 'उरियूत'च्या शेपटाशी असलेला 'ऊत' तिने 'ऊट' म्हणून ऐकला. ऊट म्हणजे जेवण, खाणे. भाळ ऊट. फार खाणे झाले.

तिने पदर तोंडाला लावला आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन बसली. मी पाठोपाठ गेलो. "मीच घातलं रे तिला," एवढेच ती म्हणाली. ती काय चुकीचे ऐकून बसली आहे हे मला त्याच क्षणी कळले होते. 'आई, ऊट नव्हे, ऊत' एवढे सांगायला किती वेळ लागणार होता? मी सांगितले नाही. मनातून मलाही तेच वाटत होते. शब्द तिने चुकीचा ऐकला असेल, पण कुंद्याने घात केला हे खरेच असणार, असे मी धरून चाललो होतो. डॉक्टरांनी कोणत्या आगीचे नाव घेतले, ती कशाची, कधीची, हे विचारायचे मला सुचलेही नाही.

घरी आल्यावर आमच्या स्वयंपाकघराची प्रयोगशाळा झाली. बेनेडिक्टचे निळे द्रावण परीक्षानळीत पाच मिलिलिटर घ्यायचे, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि उकळायचे. निळे राहिले तर साखर नाही. हिरवे, पिवळे, नारिंगी होत होत विटकरी झाले की छातीत धस्स व्हायचे. काचेची सिरिंज चहाच्या पातेल्याशेजारी उकळत असायची. आमच्याकडे फ्रीज नव्हता. इन्सुलिनची बाटली शेजारच्या अक्कांच्या फ्रीजमध्ये, त्यांच्या दह्याच्या भांड्यामागे राहायची. सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला मी त्यांच्या दारात उभा. एकदाही त्यांचे दार बंद सापडले नाही. सीमाप्रश्नावर आमच्या गल्लीत किती दगड पडले त्याची नोंद वर्तमानपत्रांत आहे. ही नोंद कुठेच नाही, म्हणून इथे करतो.

गणपतीनंतर एक चमत्कार झाला. नळीतले द्रावण निळे राहू लागले. चोवीस युनिटचे डॉक्टरांनी अठरा केले, मग बारा, मग सहा. पोर भरली, हसू लागली. एका नातेवाइकाने कुणाचा तरी काढा आणून दिला होता, तो चालू होता. नवसही बोलला होता. मला वाटले, बरी झाली. दिवाळीच्या आठवडाभर आधी मी माझ्या अधिकारात सुई बंद केली. डॉक्टरांना विचारले नाही, कारण ते नाही म्हणतील हे माहीत होते.

भाऊबीजेच्या दिवशी ती पुन्हा त्याच कॉटवर होती.

डॉक्टर मला फार बोलले नाहीत. नुकत्याच सुरू झालेल्या या आजारात काही आठवडे किंवा महिने असा काळ पुष्कळांना येतो, एवढे त्यांनी सांगितले. बाहेरून इन्सुलिन मिळाले की शिल्लक राहिलेल्या पेशींवरचा भार हलका होतो आणि त्या जराशा सावरतात. पण त्यांच्याभोवतीची आग विझलेली नसते. इंग्रजीत त्या काळाला मधुचंद्र म्हणतात, हे ऐकून मला संताप आला होता.

आणि त्या संतापात घरी येऊन मी आईला बोललो. चूक माझी होती, सुई मी बंद केली होती. पण ती देवघरापाशी वाती वळत होती, समोर सापडली. "तुझ्या कुंद्यानंच हे सगळं आणलं," असे मी म्हणालो. तिने वर पाहिले नाही. "व्हय," म्हणाली.

त्यानंतर तिने गोड सोडले. कुंदाच नव्हे, साखर, गूळ, सगळे. चहा बिनसाखरेचा. संक्रांतीला तिळगूळ हातात घ्यायची आणि मुठीत तसाच ठेवायची. कुणी विचारले तर 'मला सोसत नाही' म्हणायची. लेकीला मात्र कळत होते. एकदा ती म्हणाली, "आज्जी, साखर मला बंद आहे, तुला नाही." आईने तिच्या केसांवरून हात फिरवला आणि विषय बदलला. १९९९ च्या जानेवारीत ती गेली. त्या साडेपाच वर्षांत तिला खरे सांगण्याचे किती दिवस मला मिळाले, त्याचा हिशेब मी करत नाही.

खरे काय ते मला २००८ साली कळले. निवृत्तीनंतर मी टिळकवाडीला व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर सकाळी फिरायला जाऊ लागलो. एक दिवस तिथल्या झाडाखाली तेच डॉक्टर बसलेले दिसले. प्रॅक्टिस सोडली होती. त्यांनी मला ओळखले. "पोस्टमास्तर, पोरगी कशी आहे री?" मी पोस्टमास्तर कधीच नव्हतो, पण त्यांच्या लेखी पोस्टातला प्रत्येक माणूस मास्तर. लेक नोकरीला लागली होती. ऐकून त्यांना आनंद झाला. मग पंधरा वर्षे घशात अडकलेला प्रश्न मी विचारला. कुंद्याने हे झाले का?

ते माझ्याकडे बघतच राहिले. "अहो, मी तर त्याच वेळी सांगितले होते."

मग त्यांनी काडीने मातीवर काढून दाखवले. पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड असते. त्यात पेशींची लहान लहान बेटे पसरलेली असतात, सुमारे दहा लाख. पाउल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने ती १८६९ साली प्रथम पाहिली, म्हणून ती त्याच्या नावाची. या बेटांत बीटा नावाच्या पेशी असतात आणि इन्सुलिन त्या तयार करतात. काही माणसांत जन्मतःच अशी जनुके असतात की रक्तातल्या पहारेकरी पेशींचा या बीटा पेशींविषयी गैरसमज होऊ शकतो. होईलच असे नाही. एखाद्या विषाणूचे निमित्त होत असावे, त्यात कॉक्ससॅकी जातीच्या विषाणूंवर बराच संशय आहे. एकदा गैरसमज झाला की टी पेशी बेटांपाशी जमू लागतात. त्या जी रसायने सोडतात त्यांनी आणखी पेशी येतात. जखमी झालेली बीटा पेशी आपल्या अंगावरच्या खुणा अधिकच उघड्या करते, आणि त्या पाहून हल्लेखोर अधिक चवताळतात.

"पायात काटा मोडला की काय होते?" त्यांनी विचारले. "लाल होते, सुजते, ठणकते. काटा निघाला की चार दिवसांत उतरते. ती चांगली उरियूत. तिचे काम झाले की ती जाते. इथे काटा कोणता? आपलीच पेशी. तो निघणार कसा? म्हणून ही सूज वर्षानुवर्षे राहते. ठणकत नाही, ताप येत नाही, बाहेरून काही दिसत नाही. बीटा पेशी संपल्या की मगच ती त्या बेटावरून उठते."

ही सूज सगळीकडे एकदम लागत नाही, हेही त्यांनी सांगितले. सूक्ष्मदर्शकाखाली एक बेट पेशींनी वेढलेले दिसते, शेजारचे अगदी स्वच्छ असते, आणि तिसरे केव्हाच जळून शांत झालेले. आमच्याकडे उसाच्या फडाला आग लागते तेव्हा असेच होते. एक सरी जाते, मधली राहते, वाऱ्याने पलीकडची पेटते. १९४० साली स्वित्झर्लंडच्या फॉन मायेनबुर्ग यांनी या दाहाला 'इन्सुलायटिस' हे नाव दिले. १९६५ साली ब्रुसेल्सच्या विली गेप्ट्स यांनी, आजार सुरू होताच दगावलेल्या तरुण रुग्णांची स्वादुपिंडे तपासली तेव्हा निम्म्याहून अधिकांत तो दिसला. १९७४ साली रुग्णांच्या रक्तात या बेटांविरुद्धची प्रतिपिंडे सापडली. आणि १९८६ साली अमेरिकेच्या जॉर्ज आयझेनबार्थ यांनी सगळे एकत्र मांडून दाखवले की हा आजार आज तहान लागली म्हणून आज सुरू होत नाही. तहान हा शेवटचा अंक. तोवर बऱ्याचशा बीटा पेशी गेलेल्या असतात.

"म्हणजे आमच्या पोरीला कधीपासून...?"

"सांगता येणार नाही. पुष्कळ मुलांच्या रक्तात पहिली प्रतिपिंडे वयाच्या दोन-तीन वर्षांतच दिसू लागतात. कदाचित तिला कुंदा म्हणजे काय हे कळण्याच्या आधीपासून. गोड खाल्ल्याने हा हल्ला सुरू होत नाही री. आग लागल्यावर गोड दिले की साखर वाढते, ते वेगळे."

मी घरी आलो तो सरळ देवघराशेजारच्या आईच्या फोटोपुढे उभा राहिलो. सौ.ने विचारले, काय झाले. मला सांगता येईना.

पुढे मी जमेल ते वाचत गेलो. पोस्टातल्या माणसाला वैद्यक काय कळणार, पण पत्ता नीट वाचायची सवय असते. एक कळले की प्रतिपिंडे म्हणजे धूर. बीटा पेशींचा नाश मुख्यतः टी पेशी करतात, पण धूर दिसला की आत काही पेटले आहे हे समजते. आग विझवायचे प्रयत्नही कमी झालेले नाहीत. १९८०च्या दशकात फ्रान्समध्ये सायक्लोस्पोरिन दिले. काही रुग्णांची सुई काही काळ सुटली, पण ते औषध मूत्रपिंडांना सोसेना. दाहातल्या एका रसायनाला अडवणारी दोन औषधे वापरून पाहिली, त्यांचा निकाल २०१३ मध्ये आला आणि उपयोग झाला नाही. सांधेदुखीवरचे गोलिमुमॅब नव्या रुग्णांना दिले तर त्यांचे स्वतःचे इन्सुलिन अधिक टिकले, हे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. आणि २०२२ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत टेप्लिझुमॅबला परवानगी मिळाली. ज्यांच्या रक्तात धूर दिसतो आणि साखर हलू लागली आहे, पण आजार उघडा पडलेला नाही, अशांसाठी ते आहे. चौदा दिवस शिरेतून द्यायचे. चाचणीत त्याने आजार सुमारे दोन वर्षे लांबवला. दोनच वर्षे, असे कुणी म्हणेल. ज्याने नऊ वर्षांच्या पोरीच्या दंडावर सुई टोचली आहे तो म्हणणार नाही.

नातेवाईक अजूनही फोन करतात. हळदीने सूज जाते म्हणे, रोज चमचाभर द्या. द्यायला हरकत नाही, भाजीत असतेच. पण हळद दिली म्हणून इन्सुलिन कमी करा असे कुणी म्हणाले की मी फोन ठेवतो. १९९३ ची भाऊबीज मला पुरे झाली.

लेकीचे लग्न २०११ साली झाले. ठरताना काय काय ऐकावे लागले ते लिहीत नाही. मुलगा भला निघाला. आता ती पुण्यात असते. तिला एक मुलगी झाली. आई मधुमेही असेल तर मुलाला हा आजार होण्याची शक्यता शंभरात साधारण तीन, वडील असतील तर सहाच्या आसपास. म्हणजे शंभरातल्या सत्त्याण्णवांना होत नाही. पण आकडा कितीही लहान असला तरी नात पाण्याचा दुसरा पेला मागते तेव्हा घरात सगळे गप्प होतात.

२०२४ च्या उन्हाळ्यात लेकीचा फोन आला. नात आठ वर्षांची झाली होती. "बाबा, तिची प्रतिपिंडांची तपासणी करून घेऊ का?" मी म्हणालो, कशाला विकतचे दुखणे घेतेस? ती थोडा वेळ थांबली. मग म्हणाली, "मला बेशुद्ध झाल्यावर कळलं, बाबा. हिचं तसं व्हायला नको. आणि उद्या झालंच, तर कुणामुळे झालं हे घरात कुणी विचारायचं नाही. मला ते आधीच ठरवून टाकायचंय."

आजीला मी काय बोललो होतो ते तिने त्या वेळी आतल्या खोलीतून ऐकले होते. हे तिने मला एकतीस वर्षांनी, त्या फोनवर सांगितले.

रिपोर्ट आला. एक प्रतिपिंड सापडले, एकच. पुन्हा रक्त दिले, पुन्हा तेच. दोन किंवा अधिक असती तर दहा वर्षांत शंभरातल्या सत्तर मुलांना आजार होतो. एकच असेल तर सुमारे पंधरांना. दर वर्षी तपासायचे, असे तिथल्या डॉक्टरांनी सांगितले आहे. एवढ्या बातमीवर आनंद करायचा की काळजी, हे मला अजून ठरवता आलेले नाही. लेकीने मात्र कागद फाइलला लावला आणि नातीला शाळेत सोडून आली.

त्या वर्षी ती सगळी दिवाळीला इकडे आली. धनत्रयोदशीच्या सकाळी मी खडेबाजारात गेलो आणि पाव किलो कुंदा घेतला. दुकानातल्या पोऱ्याने 'पार्सल, परगावला?' म्हणून विचारले. घरी येऊन बॉक्स आईच्या फोटोपुढे ठेवला. मनातल्या मनात तिला सांगितले, ऊट नव्हे, ऊत. एवढे सांगून होते न होते तोच नातीने झाकण उघडले आणि बोट घातले. "आजोबा, माझ्या वाटणीचा जास्त."

सौ.ने माझ्याकडे पाहिले, मी लेकीकडे. लेक काही बोलली नाही. तिने तीन वाट्या घेतल्या, एक फोटोपुढे ठेवली, एक मुलीला दिली. तिसऱ्या वाटीतल्या कुंद्याकडे बघून अंदाज केला, पेनचा आकडा फिरवला, तीन युनिट टोचून घेतले आणि चमचा उचलला.